रिपोर्ट नॉर्मल आहेत

मे महिन्यात गंगाखेडच्या कुठल्याही दवाखान्यात जाऊन 'मला फार गरम होतं' असं सांगून पाहा. बाहेर पारा 43 च्या पुढे, कूलरमधलं पाणी संपलेलं, बाकावरची झाडून सगळी माणसं उपरण्यानं मान पुसतायत. त्यात पंचेचाळिशी ओलांडलेली एक मास्तरीण म्हणते, डॉक्टरसाहेब, आतून वाफा येतात. डॉक्टर हसले तर त्यांना मी दोष देणार नाही. पण परभणी जिल्ह्यात थंडीही तशीच कडाक्याची पडते. डिसेंबरात मी रात्री तीनला उठून पंखा लावायची आणि शेजारी आमचे हे दुलईत मुटकुळं करून कुरकुरायचे. हेही मी सांगितलं. ते मात्र केसपेपरवर कुणी उतरवून घेतलं नाही.

मग छातीत धडधड सुरू झाली. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता एकदम घाबरं व्हायचं, खडू हातातून निसटायचा. झोप उडाली. रोजची तोंडपाठ नावं हजेरी घेताना आठवेनात. ईसीजी झाला, टूडी इको झाला, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, सगळं झालं. सगळं नॉर्मल. एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "मॅडमना टेन्शन कमी घ्यायला सांगा." हे ते माझ्या नवऱ्याला म्हणाले.

आमच्याकडे केबिनमधली बैठक ठरलेली असते. डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत नवरा, आणि टेबलाच्या कडेला, बीपीचं मशीन असतं तिथल्या गोल स्टुलावर पेशंट. स्टूल बुटकं, त्यामुळे बोलताना मान वर करावी लागते. "काय होतंय यांना?" हा प्रश्न खुर्चीला विचारला जातो. नवरा बिचारा जमेल तसं सांगतो, म्हणजे 'झोप नाही म्हणते, चिडचिड फार करते.' बाई पदराशी चाळा करत ऐकते आणि मध्येच एखादा शब्द घालते. पाळी कशी येते, हे नवऱ्याला माहीत नसतं, डॉक्टरही त्याला विचारत नाहीत, आणि त्याच्यासमोर आपणहून ते काढायला बाईची जीभ रेटत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी तर तो विषय आपल्या खात्यात येतो असं मानलंच नाही. इतके कागद झाले, पण माझी पाळी अनियमित झाली आहे एवढी ओळ त्यातल्या एकाही कागदावर नव्हती.

भारतात पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्य देशांत 51 च्या आसपास. सलग बारा महिने आली नाही की गेली म्हणायची. खरा गोंधळ असतो तो त्याआधीच्या काही वर्षांत. इस्ट्रोजेन आज वर तर उद्या खाली, त्यामुळे रक्तातली हार्मोनची एखादी तपासणी केली तरी तिच्यावर फारसं विसंबता येत नाही. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेनं 2015 मध्ये डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की, पंचेचाळिशीपुढच्या बाईची लक्षणं ठरीव असतील तर निदानासाठी रक्त तपासत बसू नये. लक्षणं विचारावीत, पाळीचा हिशेब घ्यावा, निदान होतं.

म्हणजे या दुखण्याची मुख्य तपासणी ऐकणं हीच आहे. आणि आमच्या सगळ्या व्यवस्थेत नेमकी तीच तपासणी कुठल्या लॅबमध्ये होत नाही. कागदावर छापून आलं तरच दुखणं खरं. छापून आलं नाही तर वय झालं, गॅस झाला, मनावर घेतलं. जनाबाईचं हे गाव. तिच्या जात्याला हात लावायला साक्षात देव यायचा म्हणतात. आम्हाला एवढं नको, पाच मिनिटं पुरतील.

याची दुसरी बाजू अधिक वाईट आहे. जे मशीनला दिसतं ते थेट कापलं जातं. पाळी जायच्या आधी पुष्कळ जणींना अंगावरून जास्त जातं. सोनोग्राफीत गर्भाशय थोडं मोठं दिसतं, एखादी बारीक गाठ दिसते, आणि 'पिशवीला सूज आहे' हे वाक्य येतं. त्याला जोडूनच, 'पुढं कॅन्सर होऊ शकतो, काढूनच टाका.' मलाही हे एका खासगी दवाखान्यात ऐकवलं गेलं. ज्या बाईच्या तक्रारीला कालपर्यंत काही अर्थ नव्हता, तिच्या पिशवीला आज ऑपरेशनची तारीख मिळाली. बाईचं म्हणणं मात्र दोन्ही वेळा कुणी ऐकलेलं नसतं.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना मी हे सांगितलं. त्या पूर्वी दिवाळी सरली की टोळीबरोबर ऊसतोडीला जायच्या. म्हणाल्या, "काढून टाका की बाई, मीबी टाकली. कटकट गेली." कधी? धाकटं पोरगं चार वर्षांचं होतं तेव्हा. म्हणजे तिशीच्या आतच. "दुखायचं लई. दिवस मोडला की मुकादम खाडा लावायचा. डाक्टर म्हणला ठेवली तर क्यान्सर व्हतो." आणि आता? "आता कंबर ऱ्हात नाही. अंगाची आग व्हती. पण पाळी नाही ना." त्यांनी भांडं विसळून पालथं घातलं. अंगाची ही आग त्या किती वर्षं काढताहेत ते मी विचारलं नाही. मला हिशेब करता येत होता.

गंगाखेड सोडून परळीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात बीड जिल्हा लागतो. 2019 मध्ये तिथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा विषय विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत 82,309 बायकांकडे चौकशी झाली, त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा जणींत एक. देशपातळीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आहे. उचल, खाडा, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, ही कारणं त्या वेळी बोलली गेली आणि ती खरीच आहेत. पण फडावरून बाई दवाखान्यात पोचली, तिथं तिचं काय झालं? औषधगोळ्यांनी रक्तस्राव कमी करता येतो, हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू बसवता येते, आतल्या अस्तराचा तुकडा तपासून कॅन्सर आहे की नाही ते बघता येतं. हे तिला कुणी सांगितलं? ऑपरेशनात बीजांडकोशही काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास रातोरात अंगावर येतो, हाडं ठिसूळ व्हायला लवकर सुरुवात होते. ठेवले तरी ते वेळेआधी थकण्याची शक्यता वाढते. हे तरी सांगितलं का?

सर्वोच्च न्यायालयानं 5 एप्रिल 2023 रोजी राजस्थानातल्या डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा असं राज्यांना बजावलं. निकाल चांगला आहे. केबिनमधल्या स्टुलापर्यंत तो कधी पोचतो ते बघायचं.

माझं अखेर ऐकलं ते एका सरकारी ओपीडीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी. बाहेर रांग लांबलेली होती. त्यांनी आधी ह्यांना बाहेर बसायला सांगितलं, मग मला, "पाळीच्या तारखा सांगा." मी पाठीमागं तारखा लिहिलेलं कालनिर्णयचं पान पर्समधून काढलं. त्या पानानं टूडी इकोपेक्षा जास्त काम केलं. हार्मोनच्या गोळ्यांबद्दल मीच धास्तावले होते, कारण त्यानं स्तनांचा कॅन्सर होतो असं ऐकून होते. त्यांनी सांगितलं की ही भीती 2002 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवल्यापासून जगभर पसरली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसताना, त्रास जास्त असेल आणि आधीचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या असं काही नसेल, तर फायदा-तोट्याचं गणित वेगळं असतं. मी गोळ्या घ्याव्यात की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडलं. मी घेतल्या. उकाडा राहिला तो फक्त गंगाखेडचा.

तेव्हा गंगाखेड, सोनपेठ, पालमकडच्या बायांनो, पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि ते पान दवाखान्यात बरोबर न्या. खुर्चीत तुम्ही बसा, नवऱ्याला बाहेर चहा घेऊ द्या. कुणी पिशवी काढा म्हणालं तर कारण लिहून मागा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पण पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तर मात्र वाट बघू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या, आणि कुणी 'वयानं होतं' म्हणालं तर तिथून उठा.