यंदाचा अंदाज

महालक्ष्मीच्या घोड्यांचा अंदाज छापून येतो. पहाटेच्या सरावात कोणता घोडा किती सेकंदांत धावला, पाठीवर किती वजन येणार, जॉकी कोण, मागच्या शर्यतींत तो कितवा आला, हे सारे रेसच्या पुस्तकात बारीक टाइपात असते. १९४३ पासून होत आलेल्या इंडियन डर्बीच्या आधी तर वर्तमानपत्रांनाही या अंदाजांचे भरते येते. आमच्या मामाच्या गोठ्याचा अंदाज मात्र कुठेही छापून येत नाही. तो ओट्यावर सांगितला जातो, चहाबरोबर, आणि सांगणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे त्याचे वजन कमी-जास्त होते. म्हणून यंदा तो मीच लिहून काढायचे ठरवले. घोडा तेथे एकही नाही. बैल आहेत तीन. पण शर्यत ती शर्यत!

मामाचे गाव कल्याण तालुक्यात, शिळ रस्ता आणि मलंगगड यांच्या मधल्या पट्ट्यात. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते आता दिसत नाही, कारण त्याच्यापुढे इमारती उभ्या आहेत. इमारतींच्या मागे वळले की एक पिंपळ, एक बंद पडलेली भाताची गिरणी, आणि मग शेणाचा वास. तो वास आला की मला आपण घरी आलो असे वाटते. माझ्या काही मैत्रिणींना हे वाक्य वाचून किळस येईल, पण इलाज नाही.

अंदाज बांधायचा हंगाम मार्गशीर्षाचा. भात कापून झालेले, पेंढ्याची उडवी रचलेली, आणि रिकाम्या शेतांतून बैल पळवून बघता येतात. पुढे मे महिन्यापर्यंत कुठे ना कुठे अड्डा भरतोच. शर्यतीच्या मैदानाला आमच्याकडे अड्डा म्हणतात. शब्द ऐकून प्राध्यापकांनी दचकू नये. घाटावर अनेक गाड्या एकदम सुटतात. आमच्या ठाणे-रायगडकडे बिनजोडीचे वेड जास्त. दोन छकडे, समोरासमोरचे आव्हान, आणि जो हरेल तो पुढचे आठ दिवस गावात कमी फिरेल.

आता गोठ्यात आहेत कोण ते सांगते. महालक्ष्मीला घोड्याचे वय कॅलेंडर ठरवते; एक जानेवारी उजाडली की सगळे घोडे एका वर्षाने मोठे होतात. बैलाचे वय दात ठरवतात. दुधाचे दात अजून पडले नाहीत तो आदत, दोन कायमचे दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि आठही आले की जुळलेला. मामाचा हरण्या जुळलेला आहे, आणि जुळूनही त्याला बरीच वर्षे झाली. सर्जा चौसा. तिसरे आदत वासरू. ते गेल्या पौषात म्हशाच्या यात्रेतून आणले. मुरबाड तालुक्यातली ही म्हसोबाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते आणि तिथला बैलबाजार सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. वासराला अजून नाव नाही. तिघेही खिल्लार, म्हणजे मूळचे माणदेशाकडचे, पांढरे, लांब शिंगांचे, आणि स्वभावाने माझ्या मामासारखेच तापट.

मामाचा अंदाज ऐकायचा तर संध्याकाळी जावे. ऐकणारे दोघे असतील तर हरण्या दोन अड्डे मारतो. पाच असतील तर पाच. सर्जाबद्दल मामा जरा जपून बोलतो, कारण त्याच्यासाठी जोडीदार अजून ठरायचा आहे. बैल एकट्याने पळत नाही, हे घोड्याच्या माणसांना कळणार नाही. सर्जा डाव्या खांद्याचा. त्याला उजव्या खांद्याचा, त्याच्याच चालीचा दुसरा बैल हवा. तो आपल्या गोठ्यात नसेल तर दुसऱ्या मालकाचा आणायचा. घाटावरचे लोक याला पैरा म्हणतात. एक बैल सुटताना जोरात आणि दुसरा शेवटाला जोरात असेल तर छकडा तिरका होतो आणि दोघांचेही नाव जाते. त्यामुळे डिसेंबरभर मामाच्या फोनवर स्थळे येतात. मुलीचे लग्न ठरवताना मामाने इतके प्रश्न विचारले नव्हते, असे मामी म्हणते.

मामीचे नाव आलेच आहे तर थांबते, कारण खरे सांगायचे ते तिच्याबद्दल आहे.

गोठ्यात पहाटे साडेचारला दिवा लावते ती मामी. शेण काढते, पेंढा टाकते, हुलगे भिजलेत का ते बोटांनी दाबून बघते, कणकेचे गोळे करते, पाणी दाखवते. मामा येतो तो सहाला, बैल फिरवायला. मामाच्या हाती कासरा, म्हणून बैल मामाचे. हे कोणी ठरवले कोण जाणे. मामीने आजवर एकही शर्यत पाहिलेली नाही. अड्ड्यावर बायका जात नाहीत असा काही कायदा नाही, पण जात नाहीत. मी एकदा गेले होते, ती मावसभावाच्या मोटरसायकलवरून, आणि धुळीशिवाय फारसे काही दिसले नाही.

पण अंदाज मामीचा चुकत नाही. तिची परीक्षा साधी असते. बैल रात्री बसून रवंथ करतो की उभाच राहतो? सकाळी नाकावर ओल आहे का कोरडे आहे? शेण कसे पडले? पेंढ्यात तोंड घालताना तो आधी हुंगतो की सरळ ओढतो? आणि कान. कानांचे मला कितीदा सांगितले तरी अजून कळत नाही. हे सगळे बघून ती एवढेच बोलते, “आज त्याचे मनान हाय,” किंवा “मनान नाय.” ‘मनान’ म्हणजे मनात, आमच्या आगरी बोलीत तसे म्हणतात. मामा ते ऐकले न ऐकलेसे करतो. मात्र ती ‘नाय’ म्हणाली त्या दिवशी तो जोडीदाराच्या मालकाशी बोलताना जरा हळू बोलतो, हे मी टिपून ठेवले आहे. वर्गात आम्हाला लोकसाहित्य शिकवताना सर म्हणाले होते की मौखिक परंपरेत सांगणारा आणि जाणणारा नेहमी एकच असतो असे नाही. तेव्हा मी वहीत लिहून घेतले. समजले मात्र गोठ्यात.

हरण्याच्या आधी याच दावणीला लक्ष्या होता. त्याची गोष्ट लांबलचक करत नाही. ११ जुलै २०११ ला केंद्र सरकारने खेळ-करमणुकीसाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला, आणि १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले. या तारखा मामाला पाठ आहेत. माझ्या आईच्या जन्माचे साल त्याला विचारू नका. मला त्यांतला हिशेब वेगळा दिसतो. २०१४ ते २०२१ ही साडेसात वर्षे. बैलाचे पळण्याचे वयही साधारण तेवढेच. लक्ष्या त्या वर्षांत जुळला, भरला, आणि म्हातारा झाला. दरवर्षी मार्गशीर्षात मामा त्याचा अंदाज सांगत असे, “यंदा उठली बंदी तर...” आणि पुढे तो न झालेल्या शर्यती जिंकत असे. परवानगी आली तेव्हा लक्ष्या छकड्याला जुंपण्याजोगा राहिला नव्हता. २०२२ च्या पावसाळ्यात लंपीची साथ आली, बाजार आणि शर्यती पुन्हा थांबल्या, आणि अंगभर गाठी येऊन तो गेला. मामीने त्याचे दावे अजून धुऊन खुंटीला ठेवले आहे.

आता माझी एक अडचण. कॉलेजात हा विषय निघाला की कोणी ना कोणी विचारतेच, “पण बैलाला पळायचे असते का?” प्रश्न खोटा नाही. नियमांत काठी, चाबूक, टोचणी सगळ्याला मनाई आहे. धावपट्टी हजार मीटरपेक्षा लांब नको, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्यकाचा दाखला हवा. कागद चोख असतो, आणि तो मंडपातल्या टेबलावर असतो. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला शेपटीकडे जाणारे हात मी मोबाइलवरच्या चित्रफितींत पाहिले आहेत. त्याचे समर्थन मी करणार नाही, मामाच्या ओट्यावर बसूनही नाही. मामा म्हणतो, आमच्या गोठ्यात काठीच नाही. हे खरे आहे. पण अड्ड्यावर छकडा हाकणारा मामा नसतो, दुसराच कोणी तरुण पोरगा असतो, हेही खरे आहे.

मामेभावाला या वादात रस नाही. तो नव्या मुंबईत नोकरी करतो आणि बकासूर, मथूर अशा नामांकित बैलांच्या फिती रात्री झोपताना बघतो. त्याचे म्हणणे, एकच बैल ठेवावा आणि तो नाव काढणारा ठेवावा. तीन बैलांचा खर्च म्हणजे एका माणसाचा पगार. त्याचे बोलणे मामाला बोचते, कारण हिशेब बरोबर आहे.

पूर्वी हा खर्च बैल फेडत असे. आषाढात चिखलणी असायची. गुडघाभर चिखलात आठ-पंधरा दिवस नांगर ओढला की बैलाच्या मांड्या आपोआप भरत. त्यासाठी वेगळा सराव कोणी करत नव्हते. आता शेतीच उरली आहे ती दोन तुकडे, आणि तेथे भाड्याचा पॉवर टिलर येतो. गावाचेही तसेच. १९८३ ला महापालिका झाली तेव्हा गाव आत, २००२ ला बाहेर, २०१५ ला पुन्हा आत. पैरा जमत नसलेल्या बैलाला असे या दावणीवरून त्या दावणीला बांधतात. ज्या माळावर लक्ष्या आणि हरण्या पळवले त्याला पत्र्याचे कुंपण पडले आहे. कल्याण-तळोजा मेट्रोचे खांब याच पट्ट्यातून जायचे आहेत. तेव्हा मामा सकाळी बैल घेऊन सिमेंटच्या रस्त्यावरून जातो, रिक्षा आणि स्कूलबसच्या कडेने. सिमेंटवर खूर झिजतात. बैलाचा अंदाज मामा चुटकीसरशी सांगतो. पुढच्या मार्गशीर्षात त्यांना पळवायचे कुठे, हे विचारले की तो तपकीर शोधू लागतो.

तर यंदाचे असे. सर्जाला पनवेलकडचा उजव्या खांद्याचा एक चौसा जमतो आहे. दोन वेळा जुंपून पाहिले, चाल मिळाली. मामा म्हणतो सर्जा नाव काढणार. मामी म्हणते, “हाय मनान.” या घरात दोघांचे एकमत झालेले मी प्रथमच ऐकले, म्हणून ठळक नोंदवते.

हरण्याचे जड गेले. माघातल्या पहिल्या अड्ड्यासाठी पशुवैद्यक तपासायला आले. त्यांनी डोळे पाहिले, पाय उचलून पाहिले, ताप पाहिला, आणि तंदुरुस्त असे लिहून दिले. काही खोटे नव्हते त्यात. मामी दाराशी उभी होती. डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, “रातभर उभा व्हता. त्याचे मनान नाय आता. यंदाच नाय, आता नायच.” मामा काही बोलला नाही. दाखला घडी करून त्याने खिशात ठेवला, दोन दिवस तो खिशातच होता. तिसऱ्या दिवशी नावे द्यायची होती. यादीत सर्जा होता, हरण्या नव्हता. ओट्यावर विचारणाऱ्यांना मामाने सांगितले, पायाला थोडे लागले आहे. त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक हरण्याला बघायला आले. मामीने त्याला चहा दिला आणि बैल दाखवायला गोठ्याचे दार उघडले नाही.

वासराचे मी तिला विचारले. मामाने त्याचे तर तीन वर्षांचे अड्डे आतापासून वाटून ठेवले आहेत. मामी त्याच्या पाठीवरची गोचीड काढत होती. म्हणाली, “दात तं पडू दे बाय त्याचे आधी.”