नजर ठरेपर्यंत

खालच्या मजल्यावर बाळंतीण आलीय. संध्याकाळी जिन्यात ओवा-बाळंतशेपांच्या धुरीचा वास आला आणि मला धाकटी बहीण आठवली, पाळण्यातली. वर टांगलेलं चिमणाळं. तिचा उजवा डोळा चिमणाळ्यावर, डावा नाकाकडे वळलेला.

चिमणाळं फार जवळ बांधलंय म्हणून, आजी म्हणायची. पहिले दोन-तीन महिने बाळांचे डोळे मधूनच भरकटतात, आपसूक सरळही होतात; आजीनं अशी कितीतरी पोरं पाहिलेली. हिचा डोळा मात्र वळलेलाच राहायचा. चार महिने उलटले, तरी तसाच. आई तिला दवाखान्यात घेऊन गेली. "शाळेत जायला लागली की बघू," डॉक्टर म्हणाले. त्या वाक्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

झोपेत तिच्या पापण्यांखाली बुबुळं भराभर पळायची, ओठ हसायचे. सटवाई खेळवतेय, आजी सांगे. शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी झोपलेल्या बाळांच्या पापण्याच निरखत बसे. पुढे त्यानं स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा लावल्या, आणि १९५३ साली त्यानं व त्याचे प्राध्यापक क्लाइटमन यांनी झोपेतली ही धावपळ जगापुढे मांडली. तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशीच जाते. म्हणजे आजीची सटवाई भलतीच कामसू.

बहिणीच्या डोळ्याचं काय झालं, ते मला पुढे एका प्रयोगातून कळलं. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे शिवून ठेवला. उघडला तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदू त्याची दखल घेईना. मोठ्या मांजरांचं असं झालं नाही. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या प्रयोगाबद्दल वाचताना पिल्लांची कणव यायला हवी होती. मला आली ती बहिणीची. एकाची दोन दिसू नयेत म्हणून तिरळ्या डोळ्याचं चित्र मेंदू टाकून देतो. चांगल्या डोळ्यावर वेळेत पट्टी बांधली, तर दुसरा कामाला लागतो. आमच्याकडे पट्टी आली ती फार उशिरा. शस्त्रक्रियेनं डोळा सरळ झाला, नजर आली नाही. आजही चहा ओतताना ती किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवते, मगच ओतते.

ती अंगणवाडी सेविका आहे. वजनाला आणलेल्या प्रत्येक बाळापुढे आधी लाल खुळखुळा हलवते आणि दोन्ही डोळे बघते. चार महिन्यांपुढच्या बाळाचा डोळा वळलेला दिसला, की घरातल्या आज्यांशी भांडते आणि आईला बाळासकट तालुक्याच्या एसटीत बसवूनच परत येते.