याद्यांची जुळवणी

वधूवरांची टिपणे पूर्वी ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदे अशा गावोगावांहून येत. घरातील जाणते आजोबा एकेक टिपण हाती घेऊन लगेच पंचांग उघडीत नसत. ती सारी आधी एका कागदावर उतरवीत, सगोत्र असतील ती तेथेच वगळीत आणि उरलेल्यांचेच गुण जमवीत. काम झाले की तो कागद चुलीत जाई.

सिमरोलच्या आमच्या सरकारी शाळेत शिष्यवृत्तीच्या दिवसांत आम्ही नेमके हेच करतो. शाळेचे स्कॉलर रजिस्टर, समग्र आयडींची यादी आणि बँकखात्यांची यादी, अशा तीन ठिकाणच्या तीन याद्या एकत्र आणावयाच्या असतात. समजा, आपली मुले ३०० आणि दुसऱ्या यादीत नोंदी २,०००. प्रत्येक मुलासाठी ती यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, तर ६ लाख वेळा नजर फिरवावी लागेल! तेच, दोन्ही याद्या क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लावून घेतल्या, तर दोन बोटे दोन पानांवरून एकदाच खाली उतरतात. पावले फार तर २,३००. त्यातही आपल्या शाळेपुरत्याच नोंदी आणि लागणारे तेवढेच रकाने आधी कच्च्या यादीत उतरवले, तर श्रम आणखी कमी.

सिमरोलास आय.आय.टी. आहे खरी, परंतु आमच्या कच्च्या यादीस ‘टेम्पररी टेबल’ म्हणतात, हे आम्हांस संगणकावर काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले. माहिती वेगवेगळ्या यंत्रांवर असली की दूरच्या यंत्रातून किती नोंदी येतील याचा अदमास संगणकास पुष्कळदा नीट येत नाही, आणि तो लांबचा मार्ग धरतो. हव्या त्या नोंदी जवळच्या तात्पुरत्या सारणीत आणून तिला सूची जोडली, म्हणजे मोजमाप त्याच्या हाती येते. काम संपले की सारणी आपोआप नाहीशी होते. सारण्या अशा जोडण्याचे शास्त्र एडगर कॉड यांनी १९७० साली मांडले.

दहा-वीस नावांसाठी मात्र हा खटाटोप व्यर्थ होय. शिवाय सकाळी उतरविलेल्या प्रतीत दुपारी बदललेले खाते दिसत नाही. म्हणून प्रतीवर तारीख हवीच.

जुळणी नावावर करू नये, हे आपल्या घरांस वेगळे सांगावयास नको. हिंदीत ‘काळे’ यांचे ‘काले’ होतात, कोठे मधले वडिलांचे नाव गळते. यंत्रास ही दोन वेगळी माणसे! समग्रचा नऊ अंकी क्रमांक त्या मानाने भरवशाचा.

परंतु आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. दोन्हीकडे सापडली तेवढीच नावे ठेवा, असे यंत्रास सांगितले, तर न जुळलेले मूल निमूटपणे यादीतून नाहीसे होते. कोणी ओरडत नाही, बेरीजही नीटनेटकी दिसते. म्हणून आम्ही रजिस्टर डावीकडे ठेवून त्यातील प्रत्येक नाव राखावयास सांगतो. जोड न मिळाल्यास पुढला रकाना रिकामा राहो. यंदा असे सात रकाने रिकामे निघाले. सहांचे क्रमांक लिहिताना अंक उलटसुलट झाले होते. सातवी मुलगी आईबरोबर दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली. तिची नोंद अजून जुन्याच गावी आहे. तिच्या आईस आम्ही शनिवारी कागदपत्रांसह बोलाविले आहे.