उताऱ्यात नसलेलं वाक्य

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेत पाचव्या प्रश्नाला एक फाटा फुटतो. पत्र लिहा, किंवा पहिल्या प्रश्नातल्या अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहा. दोन्हीला गुण 6. बहुतेक पोरं डोळे झाकून पत्राकडे वळतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पत्राचा साचा ठरलेला असतो. प्रति, विषय, महोदय असं सगळं जागच्या जागी बसलं की निम्मी लढाई जिंकल्यासारखी वाटते. सारांशाला असा साचाच नाही. शिक्षकांनाही हे ठाऊक असतं, त्यामुळे वर्षाखेरीस पोर्शन संपवायची घाई सुरू झाली की सर्वांत आधी सारांशलेखनाचा तास कापला जातो.

बुटीबोरीत मराठी शिकवणाऱ्या एक मॅडम मात्र हा तास कापत नाहीत. नागपूरहून वर्धा रोडने दक्षिणेला निघालं की एमआयडीसीचं हे गाव लागतं. इथे टायर बनतात, पॉलिस्टरचा धागा निघतो आणि तिन्ही पाळ्यांना माणसांची ये-जा चालू असते. कामाच्या मागे दूरदूरचे लोक आले, त्यांची मुलं गावातल्या शाळांत आली. वर्गात कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी छत्तीसगढी, आणि मराठी बोलतात तीही ‘करून राहिलो’, ‘मले’, ‘तुले’ची. पाठ्यपुस्तकातली मराठी यांतल्या अनेकांसाठी परीक्षेपुरतीच असते. अशा मुलाला ‘स्वतःच्या शब्दांत लिही’ म्हटलं की तो उताऱ्यातलेच शब्द उसने घेतो. घरचे शब्द कागदावर चालत नाहीत असं त्याने फार लवकर शिकून घेतलेलं असतं.

मग सारांश कसा होतो? पहिलं वाक्य जसंच्या तसं, मधलं एखादं, आणि शेवटचं. मधे पेन्सिलीने शब्द मोजल्याच्या खुणा. हे फक्त बुटीबोरीतच घडतं असं मुळीच नाही. अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे या अमेरिकी संशोधक बायांनी 1983 साली शाळकरी आणि कॉलेजातल्या मुलांचे सारांश तपासून नेमकं हेच नोंदवलं होतं. लहान मुलं वाक्यं गाळतात आणि उरलेली उतरवून काढतात. बिनमहत्त्वाचं गाळणं आणि पुन्हापुन्हा आलेलं गाळणं त्यांना जमतं. पाच-सहा वस्तूंच्या यादीला एक सामाईक नाव देणं अवघड जातं. आणि लेखकाने मुख्य वाक्य लिहिलेलंच नसेल, तर ते आपण तयार करणं सर्वांत अवघड; तिथे कॉलेजातली मुलंही अडखळली.

मॅडमचा सगळा जीव या शेवटच्या पायरीत आहे. चांगल्या सारांशात निदान एक वाक्य असं हवं की जे उताऱ्यात कुठेच नाही, पण उतारा ज्याची साक्ष देईल.

त्यासाठी त्या मारबतीचा उतारा घेतात, कारण तो मुलांच्या डोळ्यांसमोरचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची परंपरा 1881 पासूनची, पिवळीची 1885 पासूनची. सोबत बडगे नावाचे पुतळेही असतात, आणि त्यांच्यावर त्या त्या वर्षीचे विषय लिहिलेले असतात: महागाई, भ्रष्टाचार, बेकारी, डेंग्यू. मिरवणूक संपली की त्यांचं दहन होतं. मुलांच्या पहिल्या सारांशात दोन्ही सालं हमखास येतात, कारण आकडा गाळायची भीती वाटते. महागाई ते डेंग्यू ही यादीही आख्खी येते. मॅडम विचारतात, या चौघांना मिळून काय म्हणाल? ‘समस्या’ हे उत्तर लगेच येतं. पुस्तकी आहे, पण चालेल; चार शब्दांचा एक झाला.

एवढं झाल्यावर वह्या बंद. मागच्या बाकावरच्या, तो उतारा न वाचलेल्या मुलाला उभं करायचं, आणि वाचलेल्याने त्याला तोंडी सांगायचं. कागदाकडे बघायचं नाही. इथे घरची भाषा आपसूक मोकळी होते: “अरे, सालभर ज्याचा ज्याचा राग आला ना, त्याचा पुतळा बनवतेत अन् एका दिवसात जाळून मोकळे होतेत.” वर्ग हसतो. मॅडम मात्र फळ्याकडे वळून तेच वाक्य प्रमाण मराठीत लिहितात, कारण सालभराचा राग एका दिवसात काढून टाकणं उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते त्या मुलाने केलं, स्वतःच्या शब्दांत.

या मुलांना हे काम परकं नाही, फक्त ते शाळेचं आहे हे त्यांना माहीत नसतं. कारखान्यात शिफ्ट बदलताना जाणारा कामगार येणाऱ्याला आठ तासांचा हिशोब दोन मिनिटांत देतो. कुठलं मशीन कुरकुरतंय, कुठला माल अडकलाय, कशाला हात लावायचा नाही. चहा कधी प्यायला ते तो सांगत नाही. पुढच्याला काय लागेल यावर काय ठेवायचं ते ठरतं, आणि सारांशाचंही तसंच आहे.

आता उलटा धोका. उताऱ्यात नसलेलं वाक्य लिहा म्हटलं की पोरं सुटतात. ‘यावरून आपल्याला असा बोध मिळतो’ हे मराठी माध्यमाच्या हाडात मुरलेलं वाक्य धावत येतं, त्यामागून ‘सरकारने याकडे लक्ष दिले पाहिजे’. लेखकाने म्हटलेलं नाही, सुचवलेलंही नाही. अशा प्रत्येक वाक्याखाली मॅडम एकच शब्द लिहितात: ‘कुठे?’ उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आलं तर वाक्य राहतं, नाहीतर जातं. बोध खोडून खोडून लाल पेनाची शाई संपते, हे त्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं.

एका उताऱ्यावर हात बसला की दोन उतारे द्यायचे. हे परीक्षेत नाही, म्हणून पालक कधीकधी कुरकुर करतात. पण आयुष्यात एकच उतारा वाचून कुणाचं भागतं? संत्र्याच्या दोन बातम्या घेतल्या जातात. बुटीबोरीच्या शिवारात कापूस-सोयाबीन जास्त, संत्रं काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडचं. पण नागपुरात राहून संत्र्याबद्दल मत नाही असं पोर सापडायचं नाही. एका बातमीत फळगळीमुळे माल कमी आल्याचं असतं, दुसरीत बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यामुळे भाव पडल्याचं. मुलं पहिलीचा सारांश लिहितात, ‘तसेच’ लिहितात, आणि दुसरीचा जोडतात. या तासाला ‘तसेच’वर बंदी आहे.

मग प्रश्न येतो: माल कमी झाला तर भाव चढायला पाहिजे. उतरला कसा? वर्ग गप्प. दोन्ही बातम्या खऱ्या, तरी शेजारी ठेवल्या की एकमेकींशी भांडतात. बऱ्याच वेळाने कुणीतरी म्हणतं, घेणाराच मागे सरला तर थोडा मालही जास्तच होते न मॅडम. हे वाक्य दोन्हींपैकी एकाही बातमीत नव्हतं. दोन्ही वाचल्याशिवाय ते सुचलंही नसतं.

अनेकांचं सांगणं शेजारी ठेवायचं हे काम विदर्भाला साडेसातशे वर्षांपासून येतं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. त्याचं केंद्र अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. पुढे आठवणींत फरक पडला, तेव्हा कुणाच्या आठवणीत काय होतं हेही पोथ्यांनी नोंदून ठेवलं. मतभेद पुसून गुळगुळीत केला नाही. त्या लीळांतून त्याच पंथाच्या केसोबासांनी स्वामींची वचनं वेचून सूत्रपाठ केला, आणि दृष्टान्तपाठात 114 दृष्टान्त लावले. त्यात सूत्र चक्रधरांचं, दृष्टान्तही त्यांचाच. त्या दोहोंना जोडणारं दार्ष्टान्तिक मात्र केसोबासांचं. सारांशलेखनाचा याहून जुना मराठी पाठ कुठे शोधायचा? त्यातला हत्ती चाचपणाऱ्या जात्यंधांचा दृष्टान्त तर दोन बातम्यांच्या तासाला जसाच्या तसा उपयोगी पडतो.

शाळेत टाळलेलं हे काम पुढे गाठतंच. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेच्या अनिवार्य पेपरात 300 पैकी 60 गुण एक तृतीयांश सारांशाला आहेत. हा पेपर फक्त पात्रतेचा, पण त्यात नापास झालं तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. दहावीला ज्याने ‘किंवा’चा आडोसा घेतला, त्याला तिथे आडोसा नाही. फोनवर क्षणात सारांश काढून मिळत असताना तर तो बरोबर आहे की नाही हे ओळखण्यापुरतं तरी हे यायला हवं.

अभ्यासक्रम नव्याने लिहिला जातो आहे. पत्र ठेवा, सारांशही ठेवा, पण शिक्षण मंडळाने त्या दोघांमधला ‘किंवा’ काढून टाकावा.