जिथे गुरुजींना दंड होत असे

मिलानहून निघालेल्या वेगवान गाडीने तासाभरात बोलोन्याला आणून सोडले, तेव्हा पावसाची भुरभुर सुरू झाली होती. मी लगबगीने पिशवीतून छत्री काढू लागले, तर न्यायला आलेली भाची हसून म्हणाली, ''मावशी, ठेव ती आत. या गावात छत्री लागत नाही.''

तिचे म्हणणे खरे होते. स्टेशनाबाहेरचा रस्ता ओलांडून आम्ही एका कमानीखाली शिरलो आणि गावाच्या मध्यापर्यंत जवळजवळ कोरड्याच पोहोचलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांचे वरचे मजले पुढे आलेले आणि त्यांच्या खाली खांबांवर पेललेली ओसरी. ही ओसरी एका घरापुरती नाही, अख्ख्या गावाची आहे. बोलोन्यात अशा छतवाल्या ओसऱ्यांची लांबी ६२ किलोमीटर भरते. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

इटलीला जाणारे आपले लोक रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून परततात. बोलोन्या त्यांना गाडीच्या खिडकीतूनच दिसते. मीही तशीच परतले असते. पण भाची इथल्या विद्यापीठात शिकायला आली आणि मला चार दिवस तिच्याकडे राहण्याचा योग आला. महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवले. तेव्हा युरोपातले सर्वांत जुने विद्यापीठ बघायचे म्हणजे जणू आपल्या व्यवसायाच्या कुलदैवताचे दर्शन, अशा भावनेने मी गेले होते. दर्शन झाले खरे, पण देव वेगळाच निघाला!

विद्यार्थ्यांनी वाढवलेले गाव

या विद्यापीठाचे जन्मवर्ष १०८८ मानतात. हे वर्षही फार पुढे, १८८८ मध्ये आठशेवा वाढदिवस साजरा करताना ठरवले गेले. कारण इथे कुणा राजाने कोनशिला बसवली नव्हती. कायद्याचे जाणकार शिक्षक गावात होते, त्यांच्याकडे शिकायला दूरदूरची मुले येऊ लागली, एवढीच सुरुवात. ना इमारत, ना कार्यालय. शिक्षकाच्या घरी किंवा भाड्याच्या खोलीत वर्ग भरत.

मुलांची गर्दी वाढली तशी गावाला जागा पुरेना. लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले. १२८८ मध्ये तर नगराने नियमच केला की नवे घर बांधायचे तर ओसरी हवीच. म्हणजे ज्या कमानींखालून मी कोरडी चालत होते, त्या उभ्या राहण्यात विद्यार्थ्यांचा मोठाच वाटा!

पण परगावच्या मुलाला त्या काळी कसलेही संरक्षण नव्हते. जर्मनीच्या एखाद्या व्यापाऱ्याने कर्ज बुडवले, तर सावकार इथल्या जर्मन विद्यार्थ्याला धरून वसुली करू शके. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने बाराव्या शतकाच्या मध्यावर आज्ञापत्र काढून हा प्रकार बंद केला. मग मुलांनी ओळखले, की एकेकट्याने काही चालत नाही. मुलखामुलखाप्रमाणे त्यांचे गट झाले आणि त्या गटांचे दोन मोठे संघ. आल्प्स पर्वताच्या अलीकडच्यांचा एक, पलीकडच्यांचा दुसरा. या संघाला लॅटिन भाषेत 'युनिव्हर्सितास' म्हणत. म्हणजे विद्यापीठ हा शब्द मुळात इमारतीचा नव्हे, शिक्षकांचाही नव्हे. इथे तो विद्यार्थ्यांच्या संघटनेचा होता!

प्रत्येक संघ आपला प्रमुख निवडी. त्याला रेक्टर म्हणत. आजच्या भाषेत कुलगुरू म्हणा. पण हा कुलगुरू स्वतः विद्यार्थी असे.

घंटा, अनामत आणि पाच श्रोते

गावात मध्ययुगाचे एक वस्तुसंग्रहालय आहे. तिथे जुन्या प्राध्यापकांच्या समाध्यांवरचे दगडी कोरीवकाम मांडले आहे. बहुतेक शिळांवर दृश्य एकच : मधोमध उंच आसनावर गुरुजी, समोर बाकांवर पुस्तके उघडून बसलेली मुले. मुलांचे चेहरे इतके जिवंत, की मला माझा तिसरा तास आठवला.

''यातला मालक कोण, सांग बघू?'' भाचीने विचारले.

मी अर्थातच उंच आसनाकडे बोट दाखवले. तिने मान हलवली आणि बाकांकडे बोट केले.

इथला प्राध्यापक विद्यार्थी रेक्टरची आज्ञा पाळण्याची शपथ घेई. वर्ग घंटेबरोबर सुरू करायचा आणि पुढची घंटा होताच थांबायचे. उशीर झाला की दंड. परवानगीशिवाय एक दिवस गैरहजर, तरी दंड. गावाबाहेर जायचे तर परत येण्याच्या हमीदाखल अनामत ठेवायची. पुस्तकातला भाग गाळला, दंड. अवघड प्रश्न 'नंतर सांगतो' म्हणून शेवटावर ढकलला, तरी दंड. ग्रंथाचे भाग पाडलेले असत आणि कोणता भाग कोणत्या तारखेपर्यंत संपवायचा, ते आधी ठरे. नियमित व्याख्यानाला पाच श्रोतेसुद्धा जमले नाहीत, तर प्राध्यापक गैरहजर समजला जाई. दंड बुडू नये म्हणून वर्षारंभीच त्याची रक्कम सावकाराकडे जमा करून घेत. शिवाय नियम मोडणाऱ्या प्राध्यापकाची खबर द्यायला काही विद्यार्थी गुपचूप नेमलेले असत.

घरमालकही सुटले नव्हते. खोल्यांची भाडी विद्यार्थी आणि नगर यांचे प्रतिनिधी मिळून ठरवीत, आणि पुस्तकांच्या नकला करून देणाऱ्यांचे दरही बांधलेले असत.

ऐकताना मी आधी हसले. मग हसू हळूहळू ओसरले. अभ्यासक्रमाचा भाग गाळला की दंड! माझ्या मनात एक जुनी दुपार जागी झाली. तिच्याविषयी पुढे सांगते.

निघून जाण्याचे अस्त्र

एवढी सत्ता मुलांना कुणी दिली? कुणीच नाही. प्राध्यापकाचे पोट त्यांनी गोळा करून दिलेल्या मानधनावर चाले, हे पहिले कारण. सान फ्रान्चेस्को चर्चच्या मागे, हिरव्या निमुळत्या छपरांच्या उंच समाध्या आहेत. त्यांतली एक तेराव्या शतकातल्या ओदोफ्रेदो या कायदेपंडिताची. पुढच्या वर्षी जादा व्याख्याने देणार नाही, कारण मुलांना ज्ञान हवे असते पण पैसे द्यायला नको असतात, अशी तक्रार त्याने भर वर्गात केली होती. आठशे वर्षे झाली, पण खासगी शिकवणीवाल्या कोणत्याही सरांच्या तोंडी ती आजही शोभेल!

दुसरे कारण याहून मोठे. विद्यापीठाची मालमत्ता अशी काही नव्हतीच. मुले रागावली तर वह्या-पुस्तके गुंडाळून दुसऱ्या गावी निघून जात आणि मग बोलोन्यातल्या खोल्या, खाणावळी, दुकाने ओस पडत. १२२२ मध्ये असेच काही विद्यार्थी आणि शिक्षक निघून गेले आणि त्यातून पादुआचे विद्यापीठ उभे राहिले. याच पादुआत पुढे गॅलिलिओने शिकवले. १३२१ मध्ये एका विद्यार्थ्याला नगराने देहदंड दिला. एका मुलीला पळवून नेण्याचा त्याच्यावर आरोप होता. तेव्हा चिडलेले विद्यार्थी सिएना शहरात गेले. त्या प्रकरणात न्याय कुणाच्या बाजूला होता, हे बघायला कुणी थांबले नसावे. संघटनेला बळ असले, म्हणजे तिची प्रत्येक मागणी न्यायाचीच असते असे नाही.

आणि या राज्यात सगळे समानही नव्हते. खुद्द बोलोन्याच्या मुलांना संघात मत नव्हते. रेक्टरपद इतके खर्चाचे, की ते श्रीमंताच्या मुलालाच परवडे. मुली तर हिशेबातच नव्हत्या. लाउरा बास्सी या विदुषीला इथे प्राध्यापकपद मिळायला १७३२ साल उजाडावे लागले. तेव्हासुद्धा, बाईने वरचेवर जाहीर व्याख्याने देऊ नयेत, असे बंधन तिच्यावर होतेच.

सहा हजार चिन्हे

मग ही सत्ता गेली कुठे? याचे उत्तर आर्किजिनासिओ नावाच्या वाड्यात मिळते. मुख्य चौकातल्या भव्य सान पेत्रोनिओ चर्चला लागूनच तो आहे. आता तिथे शहराचे ग्रंथालय आहे.

आत पाऊल टाकले आणि मी वर बघतच राहिले. भिंती, कमानी, जिने, छत, जिथे नजर जाईल तिथे रंगीत कुलचिन्हे. त्यांची संख्या सुमारे सहा हजार! विद्यार्थी पुढाऱ्यांची नावे आणि त्यांच्या मुलखांची चिन्हे इथे कोरली, रंगवली आहेत. वरच्या मजल्यावर १६३७ मध्ये बांधलेली शरीरशास्त्राची लाकडी व्याख्यानशाळा आहे. मधोमध संगमरवरी टेबल, भोवती चढत्या बाकांच्या रांगा आणि गुरुजींच्या आसनावरचे छत पेलणारे, कातडी सोललेले दोन लाकडी पुतळे. २९ जानेवारी १९४४ रोजी बॉम्बहल्ल्यात ही शाळा उद्ध्वस्त झाली. ढिगाऱ्यातून मूळ लाकूड वेचून काढून लोकांनी ती पुन्हा उभी केली.

इतक्या चिन्हांचा थाट बघून वाटते, हा विद्यार्थ्यांच्या वैभवाचा कळस. पण तसे नाही. १२८० च्या सुमारास नगराने एका स्पॅनिश कायदेपंडिताचा पगार स्वतः द्यायचे कबूल केले. हळूहळू इतरांचेही पगार नगराकडे गेले. मुलांना बरे वाटले असणार, वर्गणीची कटकट मिटली! पण पगाराबरोबर नेमणूक गेली आणि नेमणुकीबरोबर जाब विचारण्याचा हक्क. १५६३ मध्ये पोपच्या प्रतिनिधींनी हा वाडा बांधून गावभर पसरलेले वर्ग एका छपराखाली आणले. इमारत मिळाली, भिंतीवर नाव लागले. पण वह्या-पुस्तके गुंडाळून निघून जाण्याचे दिवस तोवर संपले होते.

ती दुपार

त्या संध्याकाळी भाचीला मी ती दुपार सांगितली. एका वर्षी माझा अभ्यासक्रम पुरा झाला नव्हता. निवडणुकीचे काम, स्नेहसंमेलन, आजारपण, कारणे सगळी खरी होती. शेवटची दोन प्रकरणे मी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिली. परीक्षेत नेमके त्यांवरच दोन प्रश्न आले. आठ-दहा मुलांनी प्राचार्यांकडे अर्ज दिला. साधा, नम्र अर्ज. राहिलेली प्रकरणे पुढच्या मुलांना तरी शिकवावीत, एवढेच मागणे. मी वर्गात जाऊन विचारले, ''मला जाब विचारणारे तुम्ही कोण?'' एक मुलगी उभी राहिली. रोज एसटीने वीस किलोमीटरवरून येणारी. म्हणाली, ''मॅडम, जाब नाही हो. विचारतोय फक्त.'' मी तिला खाली बसवले. अर्जाचे पुढे काहीच झाले नाही.

भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''मावशी, इथली मुले पादुआला जाऊ शकत होती. ती कुठे जाणार होती?''

खरेच, कुठे जाणार होती? तिच्या बसच्या वाटेवर ते एकच कॉलेज. ज्याला निघून जाता येते, त्याचा राग आपोआप ऐकला जातो. ज्याला जाता येत नाही, त्याच्यासाठी विचारण्याचा हक्क कागदावर लिहिलेला असावा लागतो आणि कागदावरचा हक्क रोज वापरावाही लागतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निर्णय दिला, की माहिती अधिकाराखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते. निकालात गोंधळ झाला तर 'नशीब' म्हणून गप्प बसणाऱ्या कितीतरी घरांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

मला दंडाची पद्धत परत यावी असे मुळीच वाटत नाही. हेर नेमलेल्या वर्गात कुणाला मोकळेपणाने शिकवता येईल? पण विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, एवढे मात्र त्या दगडी बाकांवरच्या मुलांनी मला उशिरा का होईना शिकवले.

तुम्ही बोलोन्याला गेलात तर दोन दिवस तरी ठेवा. सान लुकाच्या टेकडीवर जाणारी ६६६ कमानींची ओसरी चढून जा. गावाची खूण असलेले दोन जुळे बुरूज मात्र बाहेरूनच बघा. त्यांतल्या धाकट्याच्या कलण्याची काळजी वाटू लागल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्ही पर्यटकांना बंद करण्यात आले. पदवीआधी थोरला बुरूज चढला तर पदवी मिळत नाही, असे इथली मुले मानतात. तेवढीच त्यांची एक काळजी मिटली!

शेवटच्या संध्याकाळी आम्ही विद्यापीठाजवळच्या व्हेर्दी चौकात कॉफी घेत बसलो होतो. नुकतीच पदवी मिळालेली मुले डोक्यावर तमालपत्रांचे मुकुट घालून गात, ओरडत चालली होती. इथे आता विद्यार्थ्यांचे निवडलेले प्रतिनिधी विद्यापीठाच्या कारभारात बसतात. शिवाय १९९९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक विषयाच्या शिकवण्याबद्दल विद्यार्थ्यांचे मत, नाव न घेता, विचारले जाते. भाची फोनवर तोच अर्ज भरत होती. मध्येच थांबून तिने माझ्याकडे पाहिले.

''मावशी, हे सर फार चांगले आहेत गं. वेळेवर येतात, समजावून सांगतात. पण शेवटचा भाग त्यांनी अगदीच गुंडाळला. लिहू का?''

मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, ''लिही. चांगले आहेत तेही लिही आणि राहिले तेही लिही.''