तिसऱ्या वर्गाचं तिकीट

आज श्रीलंकेत कँडीहून एल्लाला आलो. आरक्षित डब्यानेच जा, असं मुक्कामाच्या ठिकाणी बजावलं होतं. मी सरळ खिडकीवर जाऊन तिसऱ्या वर्गाचं साधं तिकीट काढलं. हातात पडलं ते चक्क पुठ्ठ्याचं, आपल्या लोकलचं पूर्वी असायचं तसं. निम्मे पैसे तिथेच वसूल.

बसायला जागा अर्थातच नाही. नानू ओयापर्यंत उभाच. तिथे पर्यटक उतरले आणि एका आजींनी सरकून चार बोटं जागा दिली.

मग हाळी आली, "वडे, वडे, इस्सो वडे!" इस्सो म्हणजे कोळंबी. डाळीच्या वड्यावर अख्खी कोळंबी बसवून तळलेली, वर कांदा-मिरची. बांधून दिलं कुठल्याशा पोराच्या गणिताच्या वहीच्या पानात. भागाकाराखाली लाल शाईची बरोबरची खूण, तेलाने पार भिजलेली. वडे मोजत आजी पुटपुटल्या, "एक, देक, तुन." सिंहली आपल्या मराठीच्याच कुळातली, हे वाचलं होतं, कानाला आज पटलं.

पट्टिपोल हे देशातलं सर्वांत उंच स्टेशन, 1,800 मीटरच्याही वर. गारठ्याने दातखीळ बसायची वेळ आली. दाराला लोंबकळून फोटो काढणारे परदेशी मात्र बघवत नाहीत. मुंबईकराला दाराचं कसलं आलंय कौतुक!

एल्लाला बाहेर पडताना फाटकावरच्या माणसाने तिकीट काढून घेतलं. मला ते जपून ठेवायचं होतं.