पाच काठ्यांचा पडदा

खिडकीचा पडदा हा विषय आपण फार हलक्यात घेतो. सोफ्याला मॅच होतोय ना? झालं तर! पण पश्चिमेची खिडकी, पुण्यातला एप्रिल आणि एसीनं सांधे धरणारी ७६ वर्षांची आई असं त्रांगडं जमलं की हा सजावटीचा विषय राहत नाही. सरळ सिस्टीम डिझाइनचा होतो.

रिक्वायरमेंट्स बघा. दुपारी दोननंतर ऊन थेट पलंगावर, म्हणजे अडवायला तर हवंच. पण जाड पडदे ओढले की आई म्हणायची, "अरे, दवाखान्यात ठेवल्यासारखं वाटतं मला." बाबा गेल्यावर ती साताऱ्याहून आमच्याकडे आली. इथं तिच्या ओळखीचं काय, तर चार मजले खालचा रस्ता, भाजीची गाडी आणि शाळेची रिक्षा. तेही दिसेनासं झालं की "मी आपली जाते घरी" सुरू. आणि तिथं ती एकटी. हे मला नको होतं.

बाजूला सरकणारा पडदा एकतर ऊन अडवतो नाहीतर रस्ता दाखवतो. वरून खाली येणारा दोन्ही करतो. खाली फूटभर फट ठेवली तर दुपारचं ऊन भिंतीपाशीच पडतं आणि खुर्चीत बसून खालचा रस्ता दिसतो. म्हणून रोमन शेड, म्हणजे घड्या पडत वर जाणारा कापडी पडदा.

आता उष्णतेचं. काचेतून ऊन आत आलं आणि गडद कापडावर पडलं की त्याची उष्णता होते, आणि ती काचेतून सहजी परत जात नाही. म्हणूनच आपल्याकडे बांबूची चिक आणि वाळ्याचे पडदे बाहेरून लावायचे. तोच खरा उपाय, पण आमच्या सोसायटीत बाहेरून काही लावायला बंदी. मग त्यातल्या त्यात काय, तर काचेकडे पांढरं सुती अस्तर. ते बराचसा प्रकाश उष्णता व्हायच्या आधीच परत फेकतं.

मापं. खिडकी ४२ इंच रुंद, ५४ उंच. चौकटीच्या आत बसवायचा म्हणून तयार रुंदी साडेएक्केचाळीस. दोन्ही कडांना दीड-दीड इंच दुमड धरली तर साडेचव्वेचाळीस. ४८ इंच पन्ह्यात बसतं, जोड लागत नाही. रविवार पेठेतून खादीसारखं जाडसर सुती पावणेदोन मीटर आणि अस्तर दोन मीटर घेतलं. अस्तर जास्त, कारण काठ्यांचे नेफे त्यातच घालायचे आणि एकेक नेफा दोन इंच खातो. मी कात्री उचलणार तेवढ्यात आईचा कोड रिव्ह्यू आला, "आधी रात्रभर भिजत घाल. सुती आहे, आटणार." शनिवार वाळवण्यात गेला.

घड्यांचं गणित असं: खालून ६ इंच सोडून पहिली काठी, मग दर १० इंचांवर एक. घड्या चार, काठ्या पाच. (ऑफ-बाय-वनवाले हसतील.) वर ८ इंच उरतात. पडदा पूर्ण वर घेतला की सगळा पसारा १४ इंचांत मावतो, खाली ४० इंच मोकळे. प्रत्येक काठीला तीन कड्या, एकूण पंधरा. सुईत दोरा मी ओवायचा, कड्या आईनं टाकायच्या. टाका दोन्ही कापडांतून गेला पाहिजे, नाहीतर सगळं वजन अस्तरावर येतं.

तीन दोऱ्या सर्वांत खालच्या कड्यांना बांधून वरच्या कड्यांतून मोकळ्या नेल्या आणि वरच्या लाकडी पट्टीतल्या हुकांमधून एका बाजूला घेतल्या. पट्टी ड्रिल करून बसवली. पडदा पट्टीला वेलक्रोनं चिकटवलाय, धुवायला निघतो.

दोरीबद्दल मात्र गंभीरपणे. लोंबती दोरी लहान मुलांच्या गळ्याचा फास होऊ शकते. अमेरिकेत तर दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांना मुलांच्या हाती लागेल अशी लांब दोरी नसावी, असं मानक डिसेंबर २०१८ पासून लागू झालं. आमची दोरी पाच फुटांवरच्या हुकाला गुंडाळलेली असते. भाची येणार असली की खुर्चीही तिथून हलवतो.

खोली थंडगार झाली असं म्हणणार नाही. पंखा लागतोच. पण ऊन पलंगावरून गेलं, आई दुपारी तासभर झोपते आणि चारला स्वतः दोरी सोडवून पडदा हवा तेवढा वर घेते. किती घ्यायचा ते आम्ही कोणी सांगत नाही. घरी जायचं अजून काढते, पण हल्ली "आंब्याचं बघून येते" म्हणते. म्हणजे परत यायचं आहे!

पुढच्या रविवारी स्वयंपाकघराची खिडकी. तिथं कापड नको, फोडणी उडते... ही सूचनाही तिचीच.